बोलणाऱ्यांची नावं

गुरुजी वर्गाबाहेर गेले की मॉनिटर खडू उचलतो. फळ्याच्या कोपऱ्यात मथळा लिहितो : 'बोलणाऱ्यांची नावं'. त्याखाली यादी वाढत जाते. गुरुजी परत आले की यादीतल्यांनी उभं राहायचं.

पुढचा तास मराठीचा. पाठाखाली छापलेलं असतं : 'गटात चर्चा करा.'

कुणी करायची? चर्चा करू शकणारे सगळे उभे आहेत.

धाराशिव जिल्ह्यात शिकलेल्या कुणालाही हा फळा आठवेल. वाशी असो की उमरगा, परंडा असो की लोहारा. बोलणं हा आपल्या शाळेत वर्षभर गुन्हा असतो आणि वर्षाच्या शेवटी अचानक त्याला गुण असतात.

वीस गुण.

या वीस गुणांचं काय झालं ते आठवून बघा. दहावीला भाषेच्या शंभरांपैकी ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात. शाळा ते सढळ हाताने वाटतात अशी तक्रार झाली आणि मार्च २०१९च्या परीक्षेला ते काढून टाकले. २०१८ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ला तो ७७.१०वर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिका नवी होती, तीही कारणं होतीच. पण बोंब झाली ती वीस गुणांची. इतर मंडळांच्या मुलांना असे गुण मिळतात, आपली मुलं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील, असं म्हणत त्याच वर्षी ते परत आणले. मार्च २०२०चा निकाल ९५.३० टक्के.

काढताना कारण गुणांचं. परत आणताना कारण प्रवेशाचं. मुलांना बोलता येतं का, हा प्रश्न या सगळ्यात कुठे होता?

तोंडी परीक्षा कशी होते हेही आपण पाहिलेलं आहे. एक दुपार, पन्नास-साठ मुलं, एकेकाला दीड-दोन मिनिटं. 'कविता म्हण.' तो म्हणतो. 'कवीचं नाव?' तो सांगतो. 'पुढचा.' त्या मुलाने स्वतःचं एकही वाक्य उच्चारलेलं नाही आणि त्याच्या नावापुढे संभाषणाचे गुण पडलेले आहेत.

म्हणे, रोज परिपाठ असतो, तिथे मुलं बोलतातच.

काय बोलतात? सुविचार वहीतला. दिनविशेष गुरुजींच्या मोबाइलवर आलेला. बोधकथा पाठ केलेली. बातम्या दिल्ली-मुंबईच्या. काल रात्री गावातली डीपी जळाली, दळण अडलं, बोअर बंद पडलं, हे त्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. ते सांगायला माईकवर जागा नाही. आपल्या गावात घडतं ती बातमी नसते, हा धडा रोज सकाळी साडेदहाला दिला जातो.

वक्तृत्व स्पर्धा? 'अध्यक्ष महाशय, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे...' तुम्हाला पुढचं तोंडपाठ आहे. तुमच्या मुलालाही आहे. भाषण लिहिलं बाईंनी, हातवारे बसवले बाबांनी, मध्येच विसरलं तर खाली मान घालून रडला मुलगा. लिहिणारा एक आणि रडणारा दुसरा, असली स्पर्धा वक्तृत्वाची कशी?

स्टाफरूममधलं नेहमीचं वाक्य : 'आमच्याकडची पोरं बोलतच नाहीत हो.'

बोलत नाहीत?

नवरात्रात तुळजापूरला या. महाद्वारापासून खाली उतरत जा. हळदीकुंकवाची पुडी, परडी, कवड्यांची माळ विकणारी दहा-अकरा वर्षांची पोरगी भाविकाचा पेहराव बघून भाषा बदलते. सोलापूरच्या माणसाशी एक, कर्नाटकातल्या बाईशी दुसरी, तेलंगणातल्या कुटुंबाशी मोडकीतोडकी तिसरी. भाव सांगते, पटवते, चिडवते, गिऱ्हाईक निघालं की मागून हाक मारून परत बोलावते. सुरुवात, मुद्दा, शेवट, श्रोत्याची जाण, सगळं तिच्याकडे आहे. सोमवारी वर्गात तीच पोरगी भिंतीला टेकून गप्प बसते. तिला बोलता येत नाही असं म्हणण्याआधी विचारा की वर्गात तिला कुणी गिऱ्हाईक दिलं का?

किंवा बकरीबाजारात जा. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. पाठ कोणती, किती विताची, दूध किती, किती किलो भरेल, हे सातवीतलं पोर बापाच्या शेजारी उभं राहून व्यापाऱ्याला सांगतं. वर्णन, तुलना, युक्तिवाद. पुस्तकात याच तीन गोष्टींचे तीन स्वाध्याय आहेत आणि तिन्ही त्या पोराच्या वहीत कोरे आहेत.

मग मध्ये काय घडतं?

घडतं असं. आमच्याकडे पाऊस 'येत आहे' असं कुणी म्हणत नाही. पाऊस 'यायलाय' म्हणतात. मी करायलोय, ती करायलीय, ते करायलेत. क्रिया चालू आहे हे एका शब्दात सांगणारं पक्कं व्याकरण आहे हे. लिंग, वचन, पुरुष, सगळं जागच्या जागी. पाच वर्षांचं मूल ते एकदाही न चुकता वापरतं. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं जातं की हे अशुद्ध आहे.

अशुद्ध. हा शब्द आपण पाण्यासाठी वापरतो, ते पिण्यालायक नसलं की. इथे तो त्याच्या आईच्या बोलण्याला लावलेला असतो.

त्या दिवसापासून ते मूल तोंड उघडण्याआधी वाक्य तपासायला लागतं. तपासता तपासता तास संपतो. प्रगतिपुस्तकात शेरा येतो : 'लाजाळू आहे.'

कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव. त्यांची 'लाल चिखल' ही कथा दहावीच्या पाठ्यपुस्तकात होती. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाप भर बाजारात मालाचा चिखल करतो, ती. इथल्या मातीची, इथल्या बोलीची. लेखकाने या बोलीत लिहिलं, तर शिक्षक सांगतात, 'ग्रामीण बोलीचा जिवंतपणा बघा.' त्याच तालुक्यातल्या पोराने त्याच बोलीत उत्तर लिहिलं की लाल रेघ.

जिवंतपणा छापून आल्यावरच जिवंत होतो का?

प्रमाण मराठी शिकवू नका असं कुणी म्हणत नाही. शिकवायलाच हवी. अर्ज, नोकरी, न्यायालय, वर्तमानपत्र, सगळा व्यवहार तिच्यात चालतो. बोलीचं कौतुक करत मुलाला तिथेच ठेवणं हाही अन्यायच, आणि तो करणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुधा पुण्यात शिकत असतात. पण तळमजला पाडून माडी चढत नाही. 'यायलाय'च्या शेजारी 'येत आहे' लिहा. दोन्ही फळ्यावर राहू द्या. कुठे काय वापरायचं हे मुलाला समजतं. तुळजापूरच्या त्या पोरीला तीन भाषांतलं समजतं, तिला मराठीच्या दोन रूपांतलं समजणार नाही?

मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या, फलटणच्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला आणि तिथेच मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईंना गावातलं बोलणं अभ्यासण्याजोगं वाटलं. गावातल्याच शाळेला ते खोडण्याजोगं का वाटतं?

आणि ज्यांच्या घरी मराठीच नाही, त्यांचं? तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. उमरग्याच्या सीमेवर कन्नड. कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या पालावर पारधी. पहिलीत गुरुजी चित्रावर बोट ठेवतात, 'हे काय आहे?' मूल गप्प. नोंद होते, 'प्रतिसाद देत नाही.' शब्द त्याच्याकडे आहे. तो ऐकायला वर्गात कुणी नाही.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलम वाचा. मूल भय, दडपण आणि चिंता यांतून मोकळं असावं, त्याला आपली मतं मोकळेपणी मांडायला मदत व्हावी, असं त्यात आहे. ही संमेलनातली इच्छा नाही, कायदा आहे. तो १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. फळ्याच्या कोपऱ्यातली यादी त्याच्याहून जुनी असेल, पण ती कायद्याच्या वर नाही.

निदान या जिल्ह्याला तरी हे कळायला हवं होतं. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दरबाराची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची उर्दू; १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं. दोष उर्दूचा नव्हता. घरची भाषा दाराबाहेर काढून ठेवायला लावणाऱ्या कारभाराचा होता. गश्ती क्रमांक ५३ नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. त्या राज्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचं पुढारपण ज्यांनी केलं ते आधी आपल्याच मुलांसमोर उभे राहून शिकवत होते.

गश्ती ५३ इतिहासात गेली. वर्गातली अजून लागू आहे.

आता लेखनाकडे या. तिथे तर आवाजही नसतो, तरी धाक आहे.

'शुद्धलेखन' नावाचा गृहपाठ आठवतो? पुस्तकातल्या दहा ओळी वहीत उतरवायच्या. याला अनुलेखन म्हणतात. हात वळतो, अक्षर सुधारतं, तेवढ्यापुरतं ठीक. पण आठ वर्षं रोज दहा ओळी उतरवणाऱ्या मुलाने स्वतःची अकरावी ओळ कधी लिहायची?

दहावीच्या मराठीत लेखीच्या ८० गुणांपैकी २४ उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध. यादी चांगली आहे, हे मनापासून सांगतो. जगायला लागणारं लेखन तिच्यात आहे. मग बाजारात गाईड येतं आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीचा साचा करून देतं. जाहिरातीला चौकट, बातमीला 'आमच्या प्रतिनिधीकडून', कथेच्या शेवटी तात्पर्य. मुलगा साचा पाठ करतो, परीक्षक साचा तपासतो. दोघांनीही एकमेकांचं काही वाचलेलं नसतं.

'नदीचं आत्मवृत्त' घ्या. तेरच्या शाळेजवळून तेरणा जाते. पावसाळ्यात ती कशी फुगते, मे महिन्यात तिच्यात पाणी असतं की नुसते दगड, म्हशी कुठे बसतात, पोरं कुठे पोहतात, हे तिथल्या मुलाला ठाऊक आहे. वहीतली नदी मात्र डोंगरातून खळखळत येते, हिरव्यागार शेतांना पाणी पाजते आणि शेवटी सागराला मिळते. घराजवळची नदी बघायला डोळे पुरतात. गाईडमधली नदी लिहायला डोळे मिटावे लागतात.

पत्रलेखनाचं तर विचारूच नका. पुस्तकविक्रेत्याला मागणीपत्र, मित्राला अभिनंदनपत्र, नगरपालिकेला तक्रारपत्र. दर वर्षी हजारो मुलं हजारो पत्रं लिहितात. एकाही पत्राला उत्तर येत नाही.

कारण एकही पाठवलेलं नसतं.

आता खऱ्या पत्राची गोष्ट. २०२०च्या खरिपात या जिल्ह्यात अतिवृष्टीने सोयाबीन गेलं. पीकविम्याचा नियम असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं. लाखो शेतकऱ्यांचा विमा या एका मुद्द्यावर अडला : वेळेत कळवलं नाही. शेतात गुडघाभर पाणी, वीज नाही, नेटवर्क नाही, आणि मागायचं काय तर ७२ तासांतली सूचना. भांडण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि २०२२ साली निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. नियमच अन्यायाचा होता, शेतकऱ्याचा दोष नव्हता, हे आधी स्पष्ट सांगतो.

पण त्या ७२ तासांत लागत होतं काय? गट नंबर, पीक, पेरणीची तारीख, नुकसान कशाने झालं, कधी झालं, किती झालं. पाच-सहा वाक्यं. नेमकी, क्रमाने, पाल्हाळ न लावता. ज्याच्या हाती कागद पडेल त्याला टाळता येणार नाही अशी. हा आपल्या पाठ्यपुस्तकातला तक्रारपत्राचाच घटक आहे. घरात आठवी-नववीचं पोर होतं. त्याने वर्गात तक्रारपत्र लिहिलेलं होतं, पूर्ण गुण मिळवून : 'परिसरातील अस्वच्छतेबाबत नगरपालिकेस पत्र.'

गावात ग्रामपंचायत आहे.

तहसीलसमोर दुपारी जाऊन उभे राहा. दहावी झालेले, बारावी झालेले, पदवी घेतलेले लोक पैसे मोजून चार ओळींचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेताना दिसतील. खालची सही तेवढी स्वतःची. दहा वर्षं मराठी पहिली भाषा म्हणून शिकल्यावर हातात उरलं काय? सही.

पन्नास वर्षांपूर्वी निरक्षर माणूस अंगठा लावून हेच करत होता.

शाळेतलं लेखन किती दूर जाऊ शकतं हे बघायचं तर १८५५ सालाकडे बघा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे. मांग समाजातली विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने नदीचं आत्मवृत्त लिहिलं नाही. आपल्या लोकांवर काय बेततं ते लिहिलं, ज्यांनी ते बेतवलं त्यांना उद्देशून लिहिलं, आणि थेट प्रश्न विचारले. पावणेदोनशे वर्षं होत आली, तो निबंध आजही अभ्यासला जातो. आपल्या शाळेतला या वर्षीचा कोणता निबंध पुढच्या आठवड्यात कुणाला आठवेल?

फरक बुद्धीचा नाही. तिला कुणीतरी सांगितलं असणार की तुला जे माहीत आहे ते लिही. आपण मुलांना सांगतो, मुद्द्यांवरून लिही.

शिक्षकांवर सगळं ढकलून मोकळं होणाऱ्यांपैकी मी नाही. दोन शिक्षकी शाळेत एकेक जण अनेक वर्ग सांभाळतो. मतदार याद्या त्याच्याकडे, पोषण आहाराचं धान्य त्याच्याकडे, यू-डायसची माहिती त्याच्याकडे, कसली ना कसली लिंक रोज भरायची तीही त्याच्याकडे. त्यातच उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा. फोटो गेला की वरच्यांच्या लेखी उपक्रम झाला. पन्नास मुलांचं मन लावून लिहिलेलं पान वाचायला वेळ लागतो आणि वाचतानाचा फोटो चांगला येत नाही.

तरीही लाल पेनाबद्दल बोलावं लागेल. चौथीतल्या मुलीने आजी वारल्याबद्दल पानभर लिहिलं. आजी तिला भाकरीचा पापुद्रा कसा काढून द्यायची, ते. पान परत आलं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुकांना गोल होते. खाली शेरा, 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे.' आजीबद्दल एक अक्षर नाही. ही मुलगी यापुढे आजीबद्दल लिहील का? ती 'माझा आवडता पक्षी : मोर' लिहील. मोरात चुका होत नाहीत. मोर पाठ आहे.

यावर उपाय अवघड नाही, खर्चिक तर अजिबात नाही. पहिल्या कच्च्या लेखनाला लाल पेन लावायचंच नाही. वाचायचं, एक प्रश्न विचारायचा : 'पापुद्रा तू कशाबरोबर खायचीस?' मुलगी आणखी चार ओळी लिहिते. मग एकाच प्रकारची चूक दाखवायची, एकच. मग पुन्हा लिहायला लावायचं आणि भिंतीवर लावायचं, जिथे वर्गातली बाकीची मुलं थांबून वाचतील. मोठा लेखकही पहिल्या झटक्यात लिहीत नाही. एका बैठकीत, न खोडता, निर्दोष लिहायची सक्ती जगात फक्त शाळकरी पोरांवर आहे.

बोलण्याचंही तसंच. आठवडी बाजार झाला की दुसऱ्या दिवशी एका मुलाला उभं करा : काल काय पाहिलंस? तो त्याच्या बोलीत सांगेल. तो बोलेल तसं फळ्यावर लिहा, त्याच्याच शब्दांत. वर्ग ते वाचेल. स्वतःचं वाक्य फळ्यावर बघितलेलं मूल वाचायला मागे राहत नाही. दुसऱ्याला विचारा, याने काय सांगायचं सोडलं? तिसरा म्हणेल, ह्यो खोटं बोलायलाय, टोमॅटो पाच रुपयांनीच होता. लागली चर्चा. 'गटात चर्चा करा' याचा अर्थ हाच होता.

हे मी शोधून काढलेलं नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथे मुलांचा अनुभव हाच धडा होता. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था लहान मुलांच्या भाषेवर वर्षानुवर्षं काम करते आहे. आपल्या जिल्ह्यातही असे शिक्षक आहेत. त्यांच्या वर्गाजवळून गेलं की बाहेर गोंगाट ऐकू येतो. केंद्रप्रमुख आले की तोच गोंगाट त्यांना आधी बंद करावा लागतो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे तपासणीच्या वहीतून कोण काढणार?

चाचण्यांची कमी नाही. पायाभूत झाली, संकलित एक झाली, संकलित दोन आली. ५ जुलै २०२१ला निपुण भारत सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मुदत २०२६-२७. हेतू योग्य आहे, वाचता आलंच पाहिजे. मूल मिनिटाला किती शब्द वाचतं हे आपण घड्याळ लावून मोजतो. दिवसभरात स्वतःची किती वाक्यं बोलतं, हे मोजायला घड्याळ कुणी लावलं?

तेरचे गोरोबाकाका सगळ्यांना ठाऊक. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं पक्कं की कच्चं ते त्यांनी सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले, ही कथा इथलं शेंबडं पोरही सांगेल. आपण त्यातलं थापटणं तेवढं उचललं. कुंभाराला काम करताना बघा. बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो, ठोका पडतो तिथे आधाराला. तो आतला हात काढून घेतला तर ओलं मडकं पक्कं होत नाही, बसतं.

मागच्या काही वर्षांत मराठीसाठी आपण काय काय केलं? ९३वं साहित्य संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत धाराशिव शहरातच भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्याच वर्षी सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठी अभिजात झाली. २०२५च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीत हिंदी असावी की नसावी यावर महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. पहिलीवर तिसरी भाषा लादू नये हे बरोबरच होतं. पण त्या तीन महिन्यांत वाहिन्यांवर, मोर्च्यांत सगळे पहिलीतल्या मुलाबद्दल बोलत होते. पहिल्या भाषेत त्या मुलाला बोलू कोण देणार, यावर एकही फलक नव्हता.

भूम, वाशी, कळंब, परंडा. दिवाळी आटोपली की वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीला कोयता निघतो. काही पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही आईबापाबरोबर जातात. असं एखादं पोर पाच-सहा महिने उसाच्या फडात असतं. पहाटे थंडीत मोळ्या बांधताना बघतं. कारखान्याच्या काट्यावर रात्रभर रांगेत थांबलेल्या गाड्यांत झोपतं. दुसऱ्या जिल्ह्याची, कधी दुसऱ्या राज्याची बोली उचलतं. मुकादम उचल कशी वळती करतो ते ऐकतं. धाकट्या भावंडाला खोपटात साप दिसला तेव्हा काय केलं, हे त्याला आयुष्यभर आठवणार असतं. शाळेच्या हजेरीत या सगळ्यासमोर एकच खूण असते : गैरहजर.

कोयता परत येतो तेव्हा परीक्षा तोंडावर असते. ते पोर वर्गात येतं, मागच्या पट्टीवर बसतं. फळ्यावर निबंधाचा विषय असतो, 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ'. शेजारचा मुलगा गाईडमधला ताजमहाल उतरवत असतो.

गुरुजी हजेरी घेतात. त्याचं नाव येतं.

'हजर,' तो म्हणतो.

सहा महिन्यांनी वर्गात बोललेला त्याचा हा पहिला शब्द. गुरुजी पुढचं नाव घेतात.